हनुवटीवरचा तीळ

प्रिय आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. स्टुडिओत जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. अगं, फोटो मोठा करत गेलं की उरतात नुसते रंगीत चौकोन, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे आकडे!

काल तुझा लग्नातला फोटो दुरुस्तीला घेतला. डाग पुसता पुसता हनुवटीवरचा तीळही गेला, आणि समोर कुणी परकीच बाई! चिमूटभर चौकोन परत काळे केले, तर माझी आई हजर. बघतच राहिले गं.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझा गाल सुजलेला दिसला. "फोनच तसं दाखवतो," म्हणालीस. फोनची करामत मला आता ओळखता येते, आई. दादा नेतोय ना दाताच्या डॉक्टरकडे? फोटोतली सूज मी पुसून देईन, पण गालावरची कशी पुसू?

तुझ्यासारख्याच हनुवटीची,
धाकटी