बारा चोक, मग बारा सत्ते

८ नोव्हेंबर, शनिवार. पांढुर्णा.

मैत्री अर्धवार्षिक परीक्षेत गणितात नापास. नुसती नापास नाही, पेपर जवळजवळ कोराच. प्राचार्या मॅडमनी स्वतः फोनवर दुजोरा दिला. मी तेव्हा संत्रामंडीत बातमीसाठी भाव घेत होतो. मागे लिलावाचा गलका, म्हणून त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. "भाईसाहब, सातवीं में ये हाल है, आगे आठवीं बोर्ड है. महीने के आखिर तक सोच लीजिए."

सोचायचं काय, तर शाळेचा दाखला काढायचा, पोरीला घरी बसवून पाया पक्का करायचा आणि आठवी ओपन स्कूलमधून द्यायची. असं करता येतं म्हणतात. खात्री केलेली नाही.

मंडीची बातमी वेळेत गेली. नागपूर डेस्कवरून उलट फोन नाही, म्हणजे बरोबर असावी. काय लिहिलं ते आठवत नाही.

मैत्री जेवली नाही. सोमवारपासून शाळेत जाणार नाही म्हणाली. शांतपणे. रडली असती तर समजूत घालता आली असती.

९ नोव्हेंबर, रविवार.

सुनंदाचं म्हणणं, दाखल्याची घाई नको. महिनाअखेरपर्यंत घरी शिकवून पाहू, मग ठरवू. ती रोज सकाळच्या बसनं सौसरला, तहसील कचेरीत. म्हणजे शिकवणार मी. माझ्या बातम्या दुपारनंतरच्या. जमेल.

पण शिकवायचं कशातून? शाळेचं इंग्रजी पुस्तक तर तिनं कपाटावर फेकून दिलंय. सरकारी हिंदी पुस्तक शेजाऱ्यांकडे मिळालं. महाराष्ट्राचं मराठी पुस्तक नागपूरच्या एका दोस्ताकडून पूर्वीच आणवलं होतं, ते तसंच कोरं पडलंय. शिवाय मोबाइलवरचं एक ॲप. त्याची एक बाई इंदूरहून रोज फोन करते, आवाज मधासारखा. चार वाटा. एखाद्या प्रकरणात चार माणसं चार गोष्टी सांगतात तेव्हा मी गोंधळत नाही. इथे गोंधळलोय.

१० नोव्हेंबर, सोमवार.

दोन चाचण्या घेतल्या. ॲप म्हणतं, मुलगी तिसरीच्या पातळीवर. मराठी पुस्तकातली मागची उजळणी दिली तर बहुतेक बरोबर, अपूर्णांकांच्या बेरजासुद्धा. त्याच बेरजा ॲपवर चुकल्या होत्या. दोन सूत्रं वेगवेगळं सांगत असतील तर बातमी थांबवायची, हा नियम. पण इथे तिसरं सूत्र कोण?

इंदूरच्या बाईला विचारलं. "सर, हमारा टेस्ट गलत नहीं होता. बच्ची बीच-बीच में स्क्रीन छोड़कर जा रही है." मी म्हटलं, ती जागची उठली नाही, मी समोर बसलो होतो. "तो फिर ध्यान नहीं दे रही, सर. हमारे प्रीमियम वाले कोर्स में..." फोन ठेवला.

अपूर्णांक समजावताना मी 'छेद' म्हणालो. मैत्रीनं मान वर केली. "छेद? पप्पा, संख्या पंक्चर झाली का?" शाळेत 'डिनॉमिनेटर', ट्यूशनच्या सरांकडे 'हर', बापाकडे 'छेद'. तिला हसू आवरेना. कित्येक दिवसांनी घरात तिचा आवाज.

मला वाटलं, सापडलं. पोर तीन भाषांत चेपली गेलीय, एवढंच. मनात मराठी पुस्तक ठरवून टाकलं. सुनंदाला फोन करून सांगितलंही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

थोरली बहीण अक्का आली रामाकोन्याहून, पिशवीभर संत्री आणि त्याहून जास्त मतं घेऊन. तिकडच्या मराठी प्राथमिक शाळेत जन्म गेला तिचा, निवृत्त झाली तरी हातातली पट्टी सुटलेली नाही. टेबलावरची पुस्तकं बघून म्हणते, "वांगे निवडल्यासारखा पुस्तकं काय निवडून राहिला रे बाबू? पोरीले पाढे येतेत का?"

"अक्का, आता पाढे कोणी म्हणत नाही."

"मंग गणितबी कोणी करू नोको."

बसवलं मैत्रीला समोर. दोघी सुरात. मी चहा घेऊन दारात. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. सुनंदाला पाठवावं म्हणून मोबाइलवर आवाज भरत होतो. बारा चोक अठ्ठेचाळीसला दोन आवाज होते. पाचेला एकच. सकला एकच. सत्तेला पुन्हा दोन.

"काहून अडली व?" अक्का.

"कुठी अडली? म्हटलं ना मी."

"पाचे अन् सक गिळले तू."

"म्हटलं, आत्या."

ती खोटं बोलते तेव्हा डावीकडे बघते. आज सरळ बघत होती. मी दारात होतो, मला चेहरा दिसला होता. तोंड थोडं उघडं. नजर कॅलेंडरवर, पण कॅलेंडर वाचत असल्यासारखी नाही. पापण्या फडफडत होत्या, व्होल्टेज कमी झाल्यावर बल्बचं होतं तसं. मग परत आली. सुरासकट.

अक्का म्हणाली, "तंद्री लागते पोरीले. आजची हाय का ते?" खरंच आजची नाही. आम्ही सगळेच म्हणतो, मैत्रीची तंद्री लागली.

ते रेकॉर्डिंग सुनंदाला पाठवलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

आज उत्तरं तपासली नाहीत. तिच्याकडे बघत बसलो. पेन्सिल चालते, चालते, थांबते. कागदावर टोक किंचित घसरतं. मग पुढची पायरी लिहायला लागते, मधली नसतेच. "काय झालं गं?" "कुठे काय?" किती वेळा झालं ते इथे लिहीत नाही. मोजायला लागलो होतो, मध्येच सोडून दिलं.

ॲपवाली बाई खरं बोलत होती. मुलगी स्क्रीन सोडून जात होती. खुर्चीवर बसल्या बसल्या.

दुपारी दूधसंघाच्या बैठकीत एकदम आठवलं: सायकल. रोज सायकलनं शाळेत जायची. मंडीचे ट्रॅक्टर, रेल्वेचा पूल, कापसाच्या गाड्या. घरी येऊन दोन्ही चाकांची हवा सोडली. मैत्रीनं विचारलं तर पंक्चर सांगितलं.

"दोन्हीले छेद?" म्हणाली.

हो म्हटलं. हसू आलं नाही मला.

अक्काच्या बगिच्यातली विहीर. दिवाळीत सगळी पोरं काठावर पाय सोडून बसली होती, आपलीही. फोटो आहे माझ्याकडे. मीच काढलेला.

१६ नोव्हेंबर, रविवार.

विहारात वंदनेला गेलो, मुद्दाम मैत्री समोरून दिसेल असा बसलो. वंदना झाली, मग थोडा वेळ ध्यान. बाकीची पोरं चुळबुळ करत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. वंदना घेणाऱ्या वच्छलाबाई दर वेळचंच बोलल्या, "मैत्रीकडे पाहा जरा. कशी बसली, मूर्तीवानी. शिका काही."

बघितलं मी. डोळे मिटलेले नव्हते. तेच, परवाचंच.

या विहारात हिचं कौतुक आजवर किती झालंय. वच्छलाबाईंनी तिला बक्षीस म्हणून वही-पेन दिलं होतं. आम्ही घरी येऊन पेढे वाटले होते. हिच्यात शांती आहे, आजीवर गेली, असं मीच चार जणांत म्हणालोय.

सुनंदा मागच्या ओळीत होती. माझी नजर कुठे आहे ते तिनं पाहिलं, मग तिथे पाहिलं. घरी पदराला हात पुसत म्हणाली,

"कधीपासून माहीत आहे तुम्हाले?"

"बुधवारपासून."

"अन् मले पुस्तकांच्या गोष्टी सांगून राहिले." थोड्या वेळानं, "तो शब्द घरात काढू नका."

"मी कोणताच शब्द काढला नाही."

"तोंडावर लिहिलाय तुमच्या. अक्काले तर सांगूच नका. सकाळी तिले सांगावं, दुपारी सगळ्या रामाकोन्याले माहीत. पोरीची जात आहे."

तो शब्द मिरगी, म्हणजे फेफरं. इथे लिहितो, घरात बोलणार नाही. कित्येकदा बातमीत लिहिला असेल, रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाबद्दल. तेव्हा हात थांबला नव्हता.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

बालरोग डॉक्टर. आपल्या बसस्टँडमागचे, म्हातारे. सगळं ऐकून घेतलं, रेकॉर्डिंगही ऐकलं, दोनदा. मग मैत्रीच्या हातात कागदाची एक पट्टी दिली. "बेटा, हिच्यावर फुंकर मारत राहायचं. मी थांब म्हणेपर्यंत. कागद हलला पाहिजे."

खेळ वाटला तिला. कागद फडफडत होता. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, मी कागदाकडे, सुनंदा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे. फडफड थांबली. डॉक्टरांनी हळूच "बेटा, आंबा म्हण" म्हटलं. काही नाही. मग कागद पुन्हा हलायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "मी आत्ता कोणतं फळ म्हणालो?" मैत्री आमच्याकडे बघायला लागली, कोणी सांगतं का म्हणून.

तिला बाहेर कंपाउंडरजवळ बसवून डॉक्टर म्हणाले, श्वास फुलला की हे जाणं येतं, ते दिसलं; पण आत्ता त्याला नाव देत नाही. नागपूरला मेंदूचा आलेख काढा, तो बघून मोठे डॉक्टर ठरवतील. असेलच तर औषध आहे, पुष्कळ पोरं बरी होतात. तोवर सायकल नाही, पोहणं नाही, विहीर नाही, गच्ची नाही, गॅसपाशी एकटी नाही. सुनंदानं विचारलं, "आंघोळ?" "दाराला कडी नको."

कडी आत्ताच काढून ठेवली. स्क्रू खिशात आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

इंदूरची बाई. "सर, आज ऑफर का आखरी दिन है." मी म्हटलं, तुमचा व्हिडिओ थांबत नाही. "सर, पॉज़ का बटन है ना." मुलगी नसेल तेव्हा ते बटन दाबणार कोण, हे तिला कसं सांगू. नको म्हटलं.

शाळेतसुद्धा थांबत नाही. बाई फळ्यावर पायरी एक, दोन, तीन लिहितात आणि पुसतात. हिची दुसरी गेली की गेली. कधीपासून? पाचवीपासून? त्याआधी? भाषेच्या तासाला एखादं वाक्य गेलं तर चालून जातं, गोष्ट पुढे कळते. गणितात पुढे काहीच कळत नाही. "जरा लक्ष दे गं," असं आम्ही तिला किती म्हणालो असू.

आज मराठी पुस्तक घेतलं. प्रत्येक पायरी छापलेली. ती जाते, परत येते, ओळ तिथंच असते. तिनं बोट ठेवायचं, मी बोटाकडे बघायचं. पाच उदाहरणं केली. पाचही बरोबर. सुनंदा म्हणाली, मंग ठरलं का पुस्तक? मला हो म्हणवेना. औषध सुरू झालं तर पोर सुस्त होऊ शकते असं डॉक्टर म्हणालेत. औषधानं जाणं थांबलं तर मग कोणतंही पुस्तक चालेल, कदाचित शाळाही. आणि हे वाढलं तर पुस्तकाचं काय.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

नागपूरची वेळ मिळाली, सोमवारची. प्राचार्या मॅडमचा निरोप: दाखल्याचं शुक्रवार, २८ पर्यंत कळवा, वर्गाची यादी वर पाठवायची आहे. त्यांना काय सांगायचं यावर सुनंदा आणि मी बोललो. खरं सांगितलं तर शाळा म्हणेल, जबाबदारी नको, घेऊनच जा. नाही सांगितलं तर कोणी तिला जिन्यावरून पळवेल. दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. निम्म्यातच कागद फाडला.

अक्काचा फोन. "पाढे म्हणून राहिली का पोरगी?"

"हो."

"मंग तुह्या आवाजाले काय झालं?"

सर्दी म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

विहारात गेलो नाही. सुनंदानं मैत्रीचं डोकं शांपूनं दोनदा धुतलं. आलेखाच्या तारा चिकटायला केस कोरडे हवेत, तेल नको. झोप अर्धीच व्हायला हवी, म्हणून पहाटे फार लवकर उठवायचं आणि गाडीत डोळा लागू द्यायचा नाही. मैत्री केस मोकळे सोडून उन्हात बसली होती, सुनंदा मागे टॉवेल घेऊन. पोर खुशीत. इतकी खुशीत की मला खटकलं.

"पप्पा, त्या मशीनमध्ये दिसते का, मी कुठी जाते ते?"

"जाते की नाही, ते दिसतं."

"अन् दिसलं तर शाळेत सांगाल? मॅडमले? मी मुद्दाम नव्हती करून राहिली म्हणून?"

सांगेन म्हटलं.

ती नखानं पायरीवरचा चुना खरवडत होती.

"अन् काहीच नाही निघालं तर?"

"तर चांगलंच ना, बाई," सुनंदा म्हणाली.

"चांगलं कसं? मंग मी ढच ना."

सुनंदाचा टॉवेल थांबला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. शब्दांवर पोट आहे माझं. मैत्री वाट बघत होती, पूर्ण जागी, डोळे माझ्यावर.

पहाटेची गाडी. आलेख दुपारपर्यंत होईल. अहवाल बुधवारी. शुक्रवारी मॅडमना उत्तर.