तांडेलांचं आभाळातलं जहाज

२१ जुलै १९९६, रविवार
जावई आला. कमलाकांत. बोईसरच्या कंपनीत नवे कॉम्प्युटर आले, जुना ह्याने घरी आणला, घरात जागा नाय म्हणून माझ्या माथी मारला. सोबत ही डायरी. अर्धं वर्ष कोरं हाय. मी चौथी पास. लिहिता येतं. कुणी वाचली तर हात मोडीन.
कॉम्प्युटरात एक गेम हाय. आभाळात जहाज चालवायचं. एका ताऱ्यावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा. जावई बोलला, मामी, लय अवघड हाय, इंजिनेर लोकांना जमत नाय. मी बोलले, मी चिंचणीचा सुका बोंबील पालघरला विकते, मला काय शिकवतो?
पण खरी गोष्ट वेगळी. ती जावयाला सांगितली नाय. आमचे तांडेल, होडी चालवणारा माझा नवरा, वैशाखापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. खाडीच्या तोंडाशी लाट आली, होडी कलंडली, चौघांतला दामू गेला. तांडेलांचा काय दोष नाय, सगळा गाव सांगतो. ते ऐकत नाय. बोलत पण नाय. होडीत अर्धा वाटा मारुतीचा. तो परवा सांगून गेला, वैनी, नारळी पुनवेला होडी बाहेर काढायची. तांडेल आले तर बरं, नाय तर दुसरा तांडेल बघतो.
माझा विचार असा. जहाज बघितलं की तांडेल उठणार. आठ दिवसांत मी गेम शिकते. नंतर त्यांना शिकवते. पुनवेला होडीत.

२२ जुलै
शिकायला लागले. बटनं इतकी की मोजायचा कंटाळा आला. प्रत्येक बटन काय तरी करतं. एकाने दिवे, एकाने शिट्टी, एकाने जहाज उलटं. पुढं जायच्या बटनाला कुंकवाचा ठिपका लावला, मागं यायच्या बटनाला हळदीचा. आता सोपं हाय.
धक्क्यातून बाहेर काढलं आणि बंद पडलं. सगळं निळं, वर पांढरी अक्षरं, इंग्रजीत. चालू व्हायला चहा उकळतो एवढा वेळ घेतं, बंद पडायला एक शिंक.

२४ जुलै
जावई जाताना बोलला होता, मामी, निघायच्या आधी सेव करत जा. विसरलेच. म्हणून बंद पडत असणार. आपण दर्याला नारळ देतो, ही कंपनीची माणसं सेव देतात. ज्याची त्याची रीत.
बोईसरच्या गुजरात्याकडून सेव आणली. बारीक. बशीत घालून कॉम्प्युटरपुढे ठेवली, हात जोडले, कुंकवाचं बटन दाबलं.
बंद.
उद्या जाडी सेव आणते.

२८ जुलै, रविवार
जावई आला. बशी बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं. खाली बसून हसला. डोळ्यांतून पाणी काढलं मेल्याने. मामी, सेव म्हणजे खायची नाय! सेव म्हणजे जहाज हाय तसं राखून ठेवणं. बंद पडलं तरी परत तिथनंच निघता येतं. मी बोलले, मग राखणं म्हण ना, मराठीत तोंड उघडायला पैसे पडतात का? त्याने एक बटन दाखवलं. त्याला मी कायच लावलं नाय. लक्षात राहतं मला.
सेव त्यानेच खाल्ली. दोन्ही बश्या.
तांडेलांनी मान वळवली नाय.

३० जुलै
माल घेतला. मासळीचं चित्र होतं, तेच घेतलं. भाव सांगितला तोच द्यायला लागला. घासाघीस करायचं बटनच नाय! कसला धंदा हा? मी स्क्रीनवर ओरडले, अर्ध्यात दे. काय उपयोग नाय.
मासळी लगेच विकायची नाय असं ठरवलं. जहाजात ठेवायची, सुकवायची, मग दुप्पट भाव. जावयाला बूथवरून फोन केला. बोलला, मामी, जहाजाच्या पोटात कशी सुकेल? मी बोलले, अरे, आभाळात ढग नाय, पाऊस नाय, सूर्य शेजारी. तिथं नाय सुकणार तर काय चिंचणीत सुकणार ह्या पावसात?
तो फोनवर परत हसायला लागला. मी ठेवला.
मासळी सुकायच्या आधीच निळं झालं. राखायचं बटन लक्षात नव्हतं.

२ ऑगस्ट
आज जिंकले.
जहाज बाहेर काढलं, बंद पडायच्या आधी वळवलं, परत धक्क्याला आणत होते. इंजिन बंद केलं. मेलं थांबेचना. पुढंच जातंय, पुढंच जातंय. धक्का मोठा होत चाललाय. मी हाताने स्क्रीन मागं ढकलला. मागून आवाज आला, मागं मार! मागं मार, म्हशी!
तांडेल उठून बसले होते.
वैशाखापासून पहिला शब्द. मला म्हैस बोलले. मी हळदीचं बटन दाबायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघत बसले. जहाज फुटलं. तांडेल बोलले, इंजिन बंद केलं म्हणून काय होतं? पाणी नाय ना तिथं. अडवणार कोण?
मी मुद्दाम धडकवलं होतं. मुद्दामच. असं करायचं माझं पहिल्यापासून ठरलेलं.

५ ऑगस्ट
तांडेल खुर्चीवर बसतात. भात तिथंच देते. बटनं माझ्यापेक्षा लवकर शिकले, पण पाया मी घातला, हे कोण बोलणार नाय.
स्क्रीनच्या कोपऱ्यात चार तोंडं हायत. जहाजावरची माणसं. चालू झालं की तांडेल आधी त्यांच्यावर बोट ठेवतात. एकेका तोंडावर. काच पुसत असतील. पुसायला मी फडकं दिलं, घेतलं नाय.
मारुतीला सांगून आले, तांडेल उठले, दुसरा बघू नको. मारुतीने विचारलं, घराबाहेर आले का? मी बोलले, आभाळापर्यंत गेलेत, घराबाहेरचं काय घेऊन बसलास. तो माझ्याकडे बघत राहिला. ह्या माणसाला दूरचं दिसत नाय.

११ ऑगस्ट
कॉम्प्युटर पूर्ण मेला. आवाज पण नाय. तांडेल खुर्चीवरून हलेनात, काळ्या काचेकडे बघत बसले.
गोधडीत गुंडाळला, वर प्लास्टिक, टमटममध्ये मांडीवर घेऊन बोईसर. शेजारच्या बाईने विचारलं, किती महिन्यांचं? मी गोधडी अजून घट्ट केली.
दुरुस्तीवाला भैया. उघडला आणि तोंड फिरवलं. बोलला, माताजी, ये कंप्यूटर है कि मच्छी मार्केट? आतून सुका जवळा निघाला. बटनांच्या खाली तर मूठभर. मी बोलले, हमारे घर में सब जगह होता हय. तो बोलला, खाने का है तो ले जाओ, चलाने का है तो दूर रखो. साफ करून दिला. जवळा ठेवून घेतला त्याने. वास येतो म्हणतात आणि जेवताना लागतो.
घरी आले तर तांडेल ओट्यावर उभे. उंबऱ्याच्या बाहेर! पावसात! माझी वाट बघत.
मांडीवरचा डबा घेतला आणि आत गेले. मला टमटममधून उतरायला हात दिला नाय. चालतं. बाहेर आले ना? मारुतीला सांगितलं.

१७ ऑगस्ट
दामूची बायको ठकी आली. मी तिच्याकडे जात असते, ती आमच्याकडे वैशाखानंतर पहिल्यांदा. खाली बसली. तांडेलांनी मागं बघितलं नाय. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा चालू.
मग ठकी बोलली, भावजी, पुनवेला जा. त्याला दर्याने नेला, तुमी नाय नेला. मी तुमाला कधी काय बोलले का? मग ह्या डब्यात काय शोधता?
तांडेलांचा हात बटनावर होता, तो तिथंच राहिला.
मी ठकीला चहा दिला आणि मागल्या दारी नेऊन सांगितलं, बाई, माझं सगळं बरोबर चाललंय, तू मध्येच बोलून गाडी घसरवू नको. ती बोलली, वैनी, तुझी गाडी कुठं चाललीय ते तुला तरी ठाऊक हाय का? रडत होती, म्हणून सोडून दिलं.

२१ ऑगस्ट
गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय की तांडेल पार शेवटच्या ताऱ्यापर्यंत जाऊन आले. आज म्हटलं, नाव तरी विचारावं ताऱ्याचं. विचारलं, किती लांब गेला?
बोलले, बंदराच्या तोंडापर्यंत.
मी बोलले, आज. पण एवढ्या दिवसांत?
बोलले, तिथपर्यंतच. पुढं गेलं की बंद पडतं.
मग?
मग काय? परत चालू करतो. परत धक्क्याला असतो. सगळे असतात.
आणि कोपऱ्यातल्या तोंडांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. परत कुंकवाचं बटन. परत निळं. माझ्यासमोर. मला वाटलं चिडतील. तांडेल खुर्चीला टेकून बसले, जेवण झाल्यासारखे.
मला आता सगळं समजलं. बिचाऱ्याला ह्या बिघडलेल्या मशीनने अडकवून ठेवलंय. एवढा तांडेल माणूस आणि बंदराच्या बाहेर जाता येत नाय. एकदा बाहेर पडून लांब जाऊन आले की हिंमत उघडणार. पुनव आठवड्यावर हाय. गेम दुरुस्त पायजे.
जावयाला फोन केला. बोलला, मामी, ह्याचा पॅच निघालाय, आणतो. पॅच म्हणजे काय? बोलला, ठिगळ. मी बोलले, मग आधी का नाय लावलं? फाटकं जाळं कोण दर्यात टाकतं?

२५ ऑगस्ट, रविवार
फ्लॉपी आणली, ठिगळ लावलं. जावई लय खूश. मामी, आता बंदराबाहेर बंद पडणार नाय. आणि तुमच्या सेवेची पण कटकट गेली, आता ते आपोआप राखतं. जे घडलं ते घडलं, सगळं लक्षात ठेवतं. लाईट गेली तरी.
मी बोलले, वा. खिडकीतून वीजघराचे दिवे दिसतात आणि आमची लाईट घडीघडी जाते, ही सोय बरी झाली.
तांडेलांनी फक्त विचारलं, पहिलंच बरं नव्हतं का?
मी बोलले, तुमाला दुरुस्तीची किंमत नाय.
मारुतीकडे जाऊन शब्द दिला. पुनवेला तांडेल येणार. माझा शब्द. मारुती बोलला, वैनी, डहाणूच्या बाजूचा एक तांडेल बोलून ठेवलाय मी, नाय बोलू का त्याला? मी बोलले, बोल.
तो बोलला, बघतो.

२७ ऑगस्ट
दुपारी तांडेल बसले. मी मागं उभी राहिले. तोंडं मोजली. चार. जहाज निघालं. बंदराचं तोंड आलं. तांडेलांनी डोळे बारीक केले, निळं होणार म्हणून. झालं नाय. जहाज पुढं गेलं. मी टाळी वाजवली. काळं आभाळ, बारीक तारे, मागं धक्का लहान लहान होत गेला. मी बोलले, चला, लांब चला! मी बोलले. मीच बोलले.
कुठनं तरी चोरांची जहाजं आली. लाल उजेड झाला. तांडेलांनी वळवलं, काय सुंदर वळवलं, खाडीत वळवायचे तसं. वाचलं जहाज. मी ओरडले, वाचलं!
कोपऱ्यातलं एक तोंड काळं झालं होतं.
तांडेलांनी बंद केलं. चालू केलं. चहा उकळतो एवढा वेळ. तीन.
परत बंद. परत चालू. तीन.
मी बोलले, थांबा, मी करते. भिंतीतून वायरच उपटली, परत लावली. पदराने काच पुसली. तीन तोंडं आणि एक काळं. आपोआप राखलेलं.
तांडेल उठले. खुर्ची नीट आत सरकवली. खाटेवर गेले आणि भिंतीकडे वळले.
जेवायला उठवलं. म्हैस बोला, काय पण बोला, बोलले मी. काय नाय.

२८ ऑगस्ट, पुनव
नारळ घेऊन मी एकटी गेले. होडीला माळा घातलेल्या. डहाणूचा तांडेल आला होता, तरणा हाय, पान खातो. मारुती माझ्याकडे आला, वैनी, राग नको धरू. मी बोलले, तांडेलांना जरा कणकण हाय, पुढच्या फेरीला येतील. तो हो बोलला. ठकी बाजूला उभी होती, तिने माझा हात धरला. मी सोडवला नाय.
येताना बूथवर गेले. जावयाला बोलले, ते ठिगळ काढ.
बोलला, मामी, का? चालत नाय का?
चालतंय. म्हणूनच काढ.
बोलला, लावलेलं ठिगळ आता निघत नाय, मामी. जुन्या फ्लॉपी मी टाकून दिल्या. तो गेम आता बिघडणारच नाय.
उद्या बोईसरला जाते. त्या भैयाला थोडा जवळा द्यायचा आणि विचारायचं, भैया, पहिलेवाला बिघडा हुआ कहाँ मिलेगा. बोईसरला सगळं मिळतं.