आदामाच्या बियाण्याचं पाकीट

तुझ्या पोरीच्या डोक्यात हे काय भरून धाडलं होतंस? दसऱ्याच्या सुट्टीत आली अन् माझ्या ज्वारीच्या बियाण्याला हात लावेना. म्हणे, शेती ही देवाची शिक्षा आहे, आदामानं पाप केलं म्हणून नांगर आला. मम्मीनं चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं. नऊ वर्षांची नीलिमा हात मागं बांधून उभी, जशी मी कैदी अन् ती जेलर.

प्रिय वृषाली, आता आशीर्वाद घे.

तू शिकलेली नात, मी दुसरी नापास. पण उत्पत्तीचं पुस्तक मीही बोट ठेवून ठेवून वाचलंय. काटे-कुसळं पापानंतर आली, खरं. मशागत त्याच्या आधीची आहे. देवानं माणसाला बागेत ठेवलं तेच मुळी मशागत कर, राखण कर म्हणून. तेव्हा देवानं मना केलेल्या त्या फळाला कोणी शिवलंही नव्हतं. शिक्षा काट्यांची आहे बाई, कामाची नाही. लेकरांना शिकवताना एवढंच काऊन गाळलंस?

हे नीलिमाला सांगितलं, तर विचारते, आदामानं बियाण्याचं पाकीट कोणत्या दुकानातून आणलं? हसू नको. भीमपूरहून आणलेली कपाशीची पाकिटंच तिनं पाह्यली. मग अंगणातल्या चुलीवर टांगलेलं ज्वारीचं कणीस काढून तिच्या तळव्यावर चोळलं. म्हटलं, देवानं झाडाचं बी झाडाच्याच पोटात ठेवलं, दुकान लागलं नाही. हे बी मला माझ्या सासूनं, मालनबाईनं दिलं. तिला तिच्या सासूनं. तिनं येशूचं नावही ऐकलं नव्हतं, पण दाणा तिलाही उगवला. पोरगी एकेक सासू मागं मागं जात राह्यली अन् बागेपाशीच थांबली.

"मोठी आजी, म्हणजे हा दाणा देवाच्या हातचा?"

जन्म गेला हे दाणे पाखडण्यात, राख लावून ठेवण्यात, किडे लागले की शिव्या देण्यात. त्या दिवशी सूप खाली ठेवलं अन् पायातली चप्पल काढली. माझ्यासारख्या बाईनं. पोरीनंही काढली. दोघी तशाच उभ्या, चूल विझली तरी.

सुट्टीभर पाऊस, माती पेरणीजोगी सुकली नाही, वाफसा काही आला नाही. तुझा बाप सुधाकर म्हणतो, औंदा ज्वारी राहू दे, पुढच्या साली सगळीच सोयाबीन. मी हट्ट धरून एवढी औंदाची पेरणी कबूल करून घेतली.

पेरणीची तिफण तो हाकतो, पण तिच्यावरच्या लाकडी वाटीत, चाढ्यात, दाणे सोडायला दुसरा हात लागतो, अन् आपल्या घरी तो बाईचाच. ईस्टरपासून माझी बोटं थरथरून राह्यली. एका जागी दाण्यांचा ढीग पडतो, पुढं तासाची सगळी ओळ कोरी. सुधाकरला सांगितलं नाही, सांगितलं तर हे बी या घरातून उठलंच समज. मालनबाईनं माझ्या मुठीवर मूठ ठेवून शिकवलं होतं. मला नीलिमाच्या मुठीवर ठेवायची आहे. पुढच्या शनिवारी तिफण निघते, त्याआधी पोरीला परत धाड. मनगट मी धरीन, दाणे ती सोडील.

तुझीच आजी,
जयवंताबाई

तू 'बघते' म्हणून लिहू नको. उत्तर नीलिमानंच लिहावं.