ट्रॉलीचं रिव्हर्स

सौंदड, ता. ९ जानेवारी

ती. रुख्मिणीताईस,
दुर्गेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दरेकशाच्या डोंगरात मोबाईल लागत नाही, म्हणून पत्र. हे धानाच्या तणसीच्या ढिगावरून घसरले आणि पाय मोडून बसले. दीड महिना प्लास्टर. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर आली आणि शेणखत अजून उकिरड्यातच. म्हणून ट्रॅक्टर मीच शिकून राहिली. सरळ जाते झकास. मागं ट्रॉली लावून रिव्हर्स घेतलं की मात्र मी म्हणते डावीकडं, ट्रॉली म्हणते उजवीकडं.

यांना विचारणार नाही. विचारलं की आधी हसतात, मग सांगतात. मोबाईलवर व्हिडिओ पाहते नि एकटीच घोकते. जमेल. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी दुर्गा

दरेकसा, ता. १६ जानेवारी

चि. सौ. दुर्गेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझे भाऊजी म्हणाले, सौंदडच्या लोकांना सावध केलं पाहिजे. पोहायलाही तू अशीच शिकलीस. बोडीच्या पाण्यात उडी घेतलीस, गोवर्धनकाकानं वेणी धरून बाहेर काढलं, तर त्यालाच म्हणालीस, काऊन काढलं, मला जमून राहिलं होतं!

विचारल्यानं जीभ झिजत नाही, बाई. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस ओसरीत खाटेवर पडला आहे आणि तू गुरू केलास कोण कुठल्या व्हिडिओवाल्याला! हेमेंद्रजी हसले तर हसू देत. प्रकृतीला जप, तुझ्या आणि ट्रॅक्टरच्याही. आठवण ठेव.

तुझी ताई

सौंदड, ता. २५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला काय म्हणावं! तुझं पत्र आलं त्याच दिवशी ट्रॉली शेजारच्या निर्मलाबाईच्या भाजीच्या सांदवाडीत शिरली. वालाच्या शेंगांचा मांडव आडवा. निर्मलाबाई अशी ओरडली की स्टेशनवरची गाडी थांबावी. हे खाटेवरून सगळं बघत होते. हसले नाहीत, ओरडले नाहीत. त्याचाच मला राग आला. म्हटलं, तोंड शिवलं होतं काय?

तर म्हणाले, पाय मोडल्यापासून या घरात मला कोणी काही विचारूनच नाही राहिलं. मला वाटलं, आता आपलं काम फक्त जेवायचं. मग कायले बोलू?

चहा करून नेला आणि विचारलं, ट्रॉली उलटी काऊन जाते? आधी पोटभर हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सांगितलं की स्टेअरिंग खालून धर आणि ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात ने. इतकंच! दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईचा मांडव उभा करून दिला आणि सगळं खत शेतात टाकलं.

रिव्हर्स आता येते. तरी रोज सकाळी यांना एखादा प्रश्न विचारते. काल विचारलं, डिझेल कुठून भरायचं? केवढ्या गंभीरपणे समजावलं! हे तुझ्यापाशीच ठेव. लवकर ये, ट्रॅक्टरवर बसवून स्टेशनवरून आणते.

तुझी दुर्गा

ता. क. ताईंना हेमेंद्रचा नमस्कार. पोस्टमन आला तेव्हा ही शेतात होती आणि पाकीट उघडंच होतं. डिझेल हीच भरते, हे मला खाटेवरून दिसते. पण तिला कळवू नका. उद्या काय विचारते याची मी आत्तापासून वाट पाहून राहिलो.