आजी ऐकून सांगते

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी
ता. ८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितेश यास,
आजी कमळ हिचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. करिष्माने दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा नेहमीसारखी तोंडातल्या तोंडात पुटपुटली, मग दटावल्यावर नीट वाचले. तुझी बहीण कॉलेजात शिकवते म्हणे. पोरांना काय ऐकू जातं देवाला ठाऊक. हल्ली सगळेच पुटपुटतात, टीव्हीवरच्या बायकासुद्धा. आणि तू फोनवर मडक्यात तोंड घालून बोलतोस. म्हणून सांगते बाला, फोन करू नकोस, पत्रच घाल. पत्र वाचणारीला दटावता तरी येतं.

तुझ्या दोन्ही तबकड्या ऐकल्या. बोटीच्या जमान्यातल्या हॉटेलांत वाजवून वाजवून गेलेल्या बाजेवाल्यांना उठवायचं आणि नव्या तबकड्या करून विकायच्या, हा धंदा आपल्या खानदानात कुणी केला नव्हता. तुझ्या आजोबांनी भातशेती केली, मग मागची शेड लूमवाल्याला भाड्याने दिली. तू गोव्याला बसून जॅझ विकतोस, आणि कंपनीला नाव काय, तर खाडी रेकॉर्ड्स. या खाडीचा वास कधी घेतलाय का तुझ्या गिऱ्हाइकांनी?

असो. पाकिटात घालायच्या चिठ्ठीसाठी सांगते, करिष्मा लिहील तसंच छाप, सुधारू नकोस.

‘हार्बर क्लब’वाली तबकडी: यात तो उभा बाजा वाजवणारा माणूस बैलगाडीमागून पायी चालल्यासारखा वाजवतो. घाई न्हाय. ज्याच्या घरी नवराबायकोचं वाजलं हाय त्याने लावावी. गप्प बसायला दोघांना निमित्त होईल.

‘बुधवारचा डान्स’: मागल्या शेडमधले सगळे लूम एकदम सुरू झाल्यासारखा ढोल हाय, पण सूत कुठे तुटत न्हाय. शेजाऱ्याशी वाकडं असेल तर जरूर घ्यावी आणि भिंतीला टेकवून लावावी.

तुझी आई विनिता बरी हाय. गुडघा दुखतो म्हणते, पण लग्नाच्या हळदीत नाचताना दुखत न्हाय. तुझ्या लग्नाचं मी विचारत न्हाय. विचारलं न्हाय हे मात्र लक्षात ठेव.

लोभ आहेच तुझा, तो तबकड्यांत सगळा खर्चू नकोस.

तुझी आजी
(अंगठा उठवला आहे. शाई करिष्माच्या ओढणीला पुसली.)

---

म्हापसा, गोवा
ता. २७ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
प्रितेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चिठ्ठ्या छापल्या. ‘आजी ऐकून सांगते’ असं वर लिहून प्रत्येक पाकिटात घालतो. तुला खोटं वाटेल, पण आमचे निम्मे संग्राहक आता आधी चिठ्ठी वाचतात, मग रेकॉर्ड लावतात. कोलकात्याच्या एका गृहस्थांनी भांडण नसताना बायकोशी भांडण काढून ‘हार्बर क्लब’ ऐकली, असं कळवलंय. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई मात्र विचारतात की आजी नेहमी ढोल आणि उभ्या बाजाबद्दलच, म्हणजे डबल बासबद्दलच बोलतात, ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवाल्यांवर त्यांचा राग आहे का? मी कळवलं, आजीचा राग सगळ्यांवर सारखाच असतो.

आता कामाचं. इथल्या आल्दोना गावात कायतान नावाचे म्हातारे क्लॅरिनेटवाले सापडले. नव्वदीला आले आहेत. तरुणपणी मुंबईत त्यांनी एकच रेकॉर्ड केली होती, तिची मूळ टेप त्यांच्या पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत होती. टेप इतकी ठिसूळ आहे की एकदा उतरवल्यावर आता फार तर अजून एकदाच वाजेल. उतरवलेली नक्कल कारखान्यात पाठवली आहे. आजवर मी कर्ज काढलं नव्हतं, या रेकॉर्डसाठी काढलं. ही चालली तर कंपनी उभी राहील, नाही तर नाही.

सगळ्या प्रती काढण्याआधी कारखाना नमुन्याची एक प्रत पाठवतो. ती भिवंडीच्या पत्त्यावर येईल. मी तेव्हा कायतानकाकांना घेऊन इस्पितळाच्या फेऱ्यांत असेन. तू ऐक. मधे कुठे किरकिर, खरखर, शिट्टी असं काही आहे का, एवढंच पाहा. नसेल तर करिष्माला मोबाइलवर मला ‘ठीक’ म्हणून टाकायला सांग, मी कारखान्याला होकार देतो. तुझ्याइतकं मन लावून दुसरं कोणी ऐकत नाही.

आईला नमस्कार, करिष्माला चापट. माया आहे तशी ठेवावी.

तुझा
प्रितेश

---

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. प्रितेश यास,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

‘ठीक’ असा निरोप तुला त्याच दिवशी गेला, आता सविस्तर सांगते. तुझ्या कायतानची तबकडी दोन्ही बाजूंनी ऐकली. किरकिर न्हाय, खरखर न्हाय. तुपात बोट फिरवावं तसा बाजा. इतका मऊ, की मधे मधे तो वाजवायचा थांबतो की काय असं वाटतं, आणि मग खालून वर येतो.

करिष्मा मात्र कानावर हात ठेवून बसली. म्हणे आजी, कसली शिट्टी चालू आहे? मी म्हटलं, विनिताने कुकर लावला असेल. ती आत जाऊन बघून आली, म्हणाली कुकर न्हाय. मग मी म्हटलं, अगं जॅझ हाय, त्यात असणारच, तुला त्यातलं काय कळतं? गप्प बसली. शिकलेल्या पोरी लवकर गप्प बसतात, हे एक बरं हाय.

चिठ्ठी अशी छाप: ही तबकडी ज्याचं कुणी परत येणार न्हाय त्याने लावावी. हा माणूस दार वाजवत न्हाय, दाराशी उभा राहून नुसता श्वास घेतो. बाकी कुणाला आवडली न्हाय तर माझं नाव सांगावं.

कायतानला सांग, भिवंडीच्या म्हातारीने विचारलंय. दात हायत का त्याला? दातांशिवाय फुंकणार कसा?

मायेत कसर करू नये, उपास घडतो.

तुझी आजी

---

म्हापसा
ता. ९ जानेवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला उशीर झाला. कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

कायतानकाकांची रेकॉर्ड सगळीकडे पोचली आणि आता रोज परत येते आहे. टेप उतरवताना यंत्राची एक बारीक शिट्टी आत शिरली. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत आहे. लोक लिहितात की दोन मिनिटांत डोकं दुखतं. तुझं डिसेंबरचं पत्र हाती पडलं आणि त्यात करिष्माची शिट्टी वाचली, तेव्हा कारखान्यातून सगळ्या प्रती निघून गेल्या होत्या. चूक तुझी नाही. मी स्वतः ऐकायला हवं होतं. मी ‘ठीक’वर होकार देऊन मोकळा झालो.

एकाच माणसाने तक्रार केली नाही, कायतानकाकांनी. त्यांनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, एकदम स्वच्छ. खूप रडले. मी बाजूला बसलो होतो, माझ्या कानात ती शिट्टी सुईसारखी जात होती. तेव्हा मला समजलं, आजी.

पुण्याच्या त्या डॉक्टरीणबाई कानाच्याच डॉक्टर आहेत. त्या म्हणतात की लूमच्या आवाजात आयुष्य काढलेल्यांचे वरचे सूर आधी जातात, आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही. तू इतकी वर्षं त्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्यास. रागावू नकोस. आईबरोबर जाऊन कान दाखवून ये.

तुझा
प्रितेश

---

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी
ता. २८ जानेवारी २०२५

चि. प्रितेश यास,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

जाऊन आले. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोपडं चढवलं आणि पोरगी म्हणाली, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. मी बोट तयार ठेवून बसले. बराच वेळ गेला. मग दार उघडून म्हणाली, झालं आजी. मी विचारलं, सुरू कधी झालं?

डाव्या कानात काहीच उरलं न्हाय. उजव्यात खालचे आवाज हायत, तेही कमी होत जातील म्हणाले. यंत्र लावून पाहिलं, त्याने नुसता गोंगाट मोठा होतो, शब्द न्हाय. डॉक्टरला म्हटलं, शेडमध्ये आम्ही बायका ओठ बघून बोलायचो, तर म्हणाला चांगली सवय हाय, पण आता तुमचे डोळेही अधू हायत. असा बोलतो मेला, आणि वर हसतो.

तुला एक सांगते. गोदामं झाली, खाडीकडची झाडं गेली, तेव्हापासून नारपोलीत चिमण्या उरल्या न्हाईत म्हणून मी किती वर्षं त्या गोदामवाल्यांना शिव्या घालते. परवा करिष्माला म्हटलं, चिमण्या असत्या तर त्यांनाही तबकडी ऐकवली असती. ती म्हणाली, आजी, चिमण्या रोज सकाळी असतात. खिडकीतच असतात. तिने चहा आणला, तो तसाच निवला.

तुझं नुकसान मी केलं. हे तू लिहिलं न्हाईस तरी मला वाचता येतं. उरलेल्या प्रतींसाठी नवी चिठ्ठी घे: ही तबकडी ऐंशीच्या पुढच्यांनीच घ्यावी. कान शाबूत असलेल्यांनी हात लावू नये. गिऱ्हाईक कमी मिळेल, पण परत पाठवणार न्हाय. मी आणि तुझा कायतान, दोन तर झाले.

जीव लावतोस तेवढा लाव, जास्त लावलास तर आता कळणार न्हाय.

तुझी आजी

---

म्हापसा
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी छापली नाही, पण खिशात ठेवली आहे. सगळ्यांना रेकॉर्डचे पैसे परत केले. कायतानकाका गेल्या रविवारी गेले. उशाशी तीच रेकॉर्ड होती.

टेप अजून एकदा वाजेल. नीट उतरवली तर रेकॉर्ड पुन्हा काढता येईल, पण त्यासाठी आणखी कर्ज काढावं लागेल, आणि माझा धीर सुटला आहे. भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या एका गोदामात मॅनेजरची जागा आहे. शिफ्टची ड्युटी, नियमित पगार. घरून जाता येईल.

म्हणून तुला विचारतो, कारण दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाही. खाडी रेकॉर्ड्स बंद करू का? हो म्हणालीस तर टेप कायतानकाकांच्या मुलीला परत देतो आणि कारखान्याला फोन करून आपल्या सगळ्या रेकॉर्डचे साचे मोडायला सांगतो. नाही म्हणालीस तर पुन्हा काढतो. एका शब्दात कळव.

तुझा
प्रितेश

---

॥ श्री ॥

नारपोली, भिवंडी
ता. ४ मार्च २०२५

चि. प्रितेश यास,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. करिष्माने माझ्यासमोर हलवून दाखवलं म्हणून कळलं. शिवरात्रीच्या आधी ताप आला होता, तो उतरला तशी उजव्या कानातली खुडबुडही उतरली. आता घर पाण्याखाली गेल्यासारखं हाय. सगळे तोंडं हलवतात, मासे जसे. तुझी आई मासा, करिष्मा मासा. मी बोलते ते मलाही ऐकू येत न्हाय, तेव्हा ओरडत असेन तर माफ कर, पत्रात ओरडणं दिसत न्हाय हे बरं हाय.

करिष्मा पत्र कानाशी तोंड लावून वाचत होती. मानेला गरम वारा लागला, तेवढंच पोचलं. मग मी कागद हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. अक्षर शिकले न्हाय याचं आजवर वाईट वाटलं नव्हतं बाला. ज्याला काही सांगायचं होतं तो येऊन सांगायचा.

मग ती तुझ्या तबकड्या काढून दाखवायला लागली. एक उचलली, दोन्ही हात असे आडवे फिरवले, मान हलवली. मला कळलं! संपल्या! सगळ्या खपल्या! मी टाळ्या वाजवल्या. तर पोरगी रडायला लागली. आनंदाने रडते, तुझ्यावर फार जीव हाय तिचा.

पत्रात तू काहीतरी विचारलं हायस, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कळतं. ती बोट दाखवून माझ्याकडे बघत राहते, उत्तर मागते. काय विचारलंस ते माझ्यापर्यंत येणार न्हाय. लग्नाचं असो, नव्या तबकडीचं असो, तू विचारलंस म्हणजे तुझ्या मनात आलेलं हाय. मी कधी तुला न्हाय म्हटलंय? तेव्हा माझं उत्तर लिहून घे. हो.

आशीर्वाद ऐकू यावा लागत न्हाय, तो तिकडून घे.

तुझी आजी

दादा,
तिने सांगितलं तसं लिहिलं. तिच्या पत्रातला एकही शब्द मी कधी बदललेला नाही, हाही बदलला नाही. अंगठा उठवून ती माझ्याकडे बघून हसली.

डिसेंबरमध्ये ‘ठीक’ मीच टाकलं होतं, शिट्टी ऐकू येत असताना. या ‘हो’वर कारखान्याला फोन करू नकोस. आधी ये आणि तिच्यासमोर बस.

करिष्मा