मी धाकटीसाठी हळू चालते

२ ऑगस्ट

बॅग भरताना आठवलं. शाळेत जाताना धाकटी आणि मी एकाच आरशासमोर वेण्या घालायचो. पुढे मी, कारण मी मोठी. ती माझ्या खांद्यावरून डोकावून भांग पाडायची. कायम वाकडा. आता तिनेही साठी ओलांडली, पण तिला सांभाळायला मीच लागते. म्हणून दोघींची नावं दिली. सहा दिवस डोंगरात पायी, रानफुलं, पक्षी, बरोबर गाईड. पाचव्या दिवशी वरचं कुरण. तिथली निळी फुलं बघायचं आमचं लग्नाआधीपासून ठरलंय.

नवे बूट तयार. दीड महिना रोज अर्धा तास घालून चालले. पलंगावर, म्हणजे तळ मळायला नकोत. अजून कोरे करकरीत आहेत.

३ ऑगस्ट, सकाळी ६

संकल्प: सगळ्यांच्या पुढे चालणे. रोज दहा फुलं आणि पाच पक्षी वहीत.

३ ऑगस्ट, संध्याकाळ

फुलं तीन. पक्षी एक. मी म्हटलं, गरुड. गाईड म्हणाली, काकू, घार आहे ती. असेल. लांबून मतभेद होतात.

सगळ्यांच्या मागे राहिले, पण ते धाकटीसाठी. फार रेंगाळते. मी बसले की लगेच बसते.

४ ऑगस्ट

टाचेला फोड. बुटांचा दोष नाही, मोजे जाड आहेत. ग्रुपमधले रिटायर्ड डेंटिस्ट म्हणाले, नवे बूट आधी घालून चालायचे असतात. म्हटलं, दीड महिना चालले. कुठे, असं त्यांनी विचारलं. धाकटी एकदम वळून फुलाचा फोटो काढायला लागली. तिथे फूल नव्हतं.

६ ऑगस्ट, दुपार

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज मुक्कामी अकराला पोहोचायचं होतं. सव्वा वाजला. वाटेत धाकटीने माझी सॅक घेतली. तिला व्यायाम हवाच असतो.

गाईड म्हणाली, काकू, उद्या कुरणावर तुम्हाला नेता येणार नाही. इथेच आराम करा. मी सांगितलं, उशीर माझ्या बहिणीमुळे झाला. धाकटी म्हणाली, हो, माझ्यामुळेच. मग मीही थांबते, ताईला सोबत.

इतका संताप आला. चाळीस वर्षांचा बेत, आणि या गाईड मुलीला घड्याळ महत्त्वाचं.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ६

खिडकीशी बसले होते. बाहेर धाकटी गाईडला विचारत होती, भरभर गेलं तर कुरण किती लांब? गाईड म्हणाली, तुम्हाला दोन तास. पहिल्या दिवसापासून बघतेय, तुम्ही सगळ्यांच्या पुढे जाल. मागे कशाला राहता? धाकटी म्हणाली, ताईला सांगू नका हं.

मी खिडकी लावून घेतली. वारा होता.

७ ऑगस्ट, पहाटे ५

धाकटीशी भांडले. म्हटलं, तू वर जा, तुझ्या बडबडीने पक्षी उडतात. ऐकेना. शेवटी मोठी म्हणून हुकूम सोडला.

वाटणी अशी. दुर्बीण धाकटीला. रेनकोटही तिलाच, तिचा खांद्यावर फाटलाय. बदाम डेंटिस्टना, म्हणजे तोंड बंद राहील. काठी गाईडकडे, तिने ती उतारावर धाकटीला द्यावी, आधी दिली तर घेणार नाही. बूट इथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, मापाचे असतील तर.

त्यांच्या सपाता मला.