टोपलीपाशी संपलेला लेख

माय, तुला लिहायचं म्हणजे पंचाईतच. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तूच नाहीस. तरी लिहायला बसले आहे, कारण गेल्या वर्षभरात तुझ्याबद्दल इतक्या लोकांना सांगून झालं की तूच तेवढी राहिलीस. चंद्रपूरच्या एका वाचनालयात रविवारी लेखनाचा वर्ग भरतो. पन्नाशीला टेकलेली तुझी मास्तरीण लेक गोंडपिपरीहून एसटीने तिथं जाते. आता वर्ग संपत आला आणि शेवटची फाइल द्यायची वेळ आली. वर्षभरातले निवडक लेख, प्रत्येकाचा पहिला मसुदा, मग सुधारलेला, आणि काय बदललं, का बदललं याची टीप. उद्या द्यायची आहे. बाकीचे लेख निमूट लागले. तुझा तेवढा अडून बसला, अगदी तुझ्यासारखा.

मोहाची फुलं वेचण्याचा लेख तो. चैतात उजाडायच्या आत आपण जंगलात पोचायचो. प्रत्येकीचं झाड ठरलेलं, खालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली. वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला पाठीमागचं काही दिसत नाही, म्हणून आपल्याकडे हाका देण्याची रीत होती. थोड्या थोड्या वेळाने एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. वाघाला कळावं की इथं माणसं आहेत, आणि माणसांनाही एकमेकींचं कळावं. "कुठी हायेस वो?" तू ओरडायचीस. "इथीच हाय, माय." एका सकाळी तुझी हाक आलीच नाही. मी दिली, परत दिली, उत्तर नाही. माझं झाड सोडून धावत गेले तर तुझी टोपली अर्धी भरलेली, भोवती फुलांचा सडा, आणि तू नाहीस. तेवढ्यात नाल्याकडून तू आलीस. तहान लागली म्हणून पाणी प्यायला गेली होतीस. आल्या आल्या मलाच झापलंस, कारण मी झाड सोडलं आणि तिकडे गुरांनी माझा सगळा मोह फस्त केला. घर येईपर्यंत तुझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. झालं होतं ते एवढंच, माय.

आमच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण शिकवतात चांगलं. त्या म्हणाल्या, लेख झाला की शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा. लेख तिथेच संपत असेल तर खालचं काढून टाका. माझा शेवटचा परिच्छेद तू परत येण्याचा; तो झाकून वाचलं. तुझं बोलणं थांबलं आणि लेख एकदम चांगला झाला. टोपली, फुलं, आणि पुढे काही नाही. फोनवरच लिहिते मी, त्यामुळे काढलं ते गेलंच. पुढच्या रविवारी वर्गात वाचला. मॅडमनी डोळे पुसले. मला वाटलं, आपण फार छान लिहिलं. तुला वाघानेच नेलं असं त्यांना वाटलं, ते मला चहाच्या वेळी कळलं, सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलायला लागले तेव्हा.

तेव्हाच खरं सांगणार होते, तर वर्गातली एक बाई जवळ आली. तिच्या नवऱ्याला गुरं चारताना वाघाने नेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने त्यावर एक ओळ कधी लिहिली नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, माह्या घरच्याले नेलं तवापासून मले बोलताच नाई आलं. तुमी लिवलं ना, ते माहंच हाय. तुमची माय अन् माहा मालक, दोघंई त्याच्यात हायेत." तिने लेखाची झेरॉक्स मागून घेतली आणि नवऱ्याच्या फोटोमागे ठेवली. आता दर रविवारी ती माझ्यासाठी जागा धरते, डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढते. तिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, माझी माय पाणी पिऊन परत आली आणि पुढे कितीतरी वर्षं जगली? एकदा म्हणायला गेले, तर तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "नका बोलू, कळते मले," म्हणाली. मी मान खाली घालून तिची भाजी खाल्ली.

आणि तू तर गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलीस, खाटेवर, अंगाला सूज, महिनेच्या महिने. बाहेरच्या टपरीवरून चहा आणला तर म्हणायचीस, "हा चहा हाय का भांडे धुतलेलं पाणी?" शेजारच्या खाटेवरची बाई हसायची. मी नाही हसले. थकले होते. तू गेलीस तेव्हा मला रडूही आलं नाही, घरी जाऊन झोपले नुसती. तुझ्यासाठी मी रडले ती त्या रविवारी, वर्गात तो लेख वाचताना.

आज सकाळपासून तो काढलेला परिच्छेद परत लिहायला बसले होते. पहिला मसुदा लावायचा तर तो हवा. तू नाल्याकडून येतेस, एवढं लिहिते आणि अडते. काय म्हणाली होतीस गं? जे लिहिते ते कुठल्याही पुस्तकातल्या कुठल्याही आईचं बोलणं होतं, तुझं होत नाही. टोपली लख्ख दिसते, फुलं दिसतात, तू येताना दिसत नाहीस. इतक्यांदा तो लेख सुधारला की माझ्याच डोक्यात तू तिथून परतायची थांबलीस. दुपारी शेवटी सुधारलेल्या लेखातले चार शब्द इकडचे तिकडे केले आणि पहिला मसुदा म्हणून तोच लावून टाकला. टिपेत लिहिलं, "भाषा साधी केली." त्या बाईचा कागद आता फोटोमागे सुखाने राहील आणि तिच्याजवळची माझी जागाही.

हे पत्र फाइलीत लावलं तर सगळंच सुटेल, हे मला कळतं. लावणार नाही. त्या बाईसाठी, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते. पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू, माय? खाटेवर सुजून पडलेल्या तुझ्यापेक्षा जंगलात नाहीशी झालेली तू मला सोसायला सोपी जातेस.